सरळ रस्ता की वळणाची गल्ली? प्लेगने पेटवलेला एक वाद

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस एका रुग्णाला तपासत होते. हे डॉक्टर मूळचे गोव्यातील हडफड्याचे. लक्षणे साध्या तापाची नव्हती. त्यांनी निदान केले : गाठीचा प्लेग.

पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. १८९१च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१मध्ये ती ७,७६,००६ भरली. गिरण्यांचा धंदा वाढत असलेल्या दशकात शहर आकसावे, यावरूनच त्या साथीच्या दहशतीची कल्पना येते.

या साथीने एका जुन्या प्रश्नाला जीवनमरणाचे स्वरूप दिले. शहरातील रस्ते फूटपट्टीने आखलेले असावेत, की लोकांच्या येण्याजाण्यातून आपोआप वाढलेले? हा धागा त्या प्रश्नाचा आहे. त्याचे उत्तर देऊ पाहणाऱ्यांनी कोणाची घरे पाडली, कोणाची वाचवली, हेही त्यात येईल.

आधी वाकड्या गल्लीविषयी. ती 'बेशिस्त' असते, हा समज फार वरवरचा आहे. गिरगाव-भुलेश्वरचा भाग घ्या. एके काळी तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. प्रत्येक वाडीला कुंपण, कुंपणालगत पायवाट, मधे एखादी विहीर. वस्ती वाढली तशी वाड्यांत घरे उभी राहिली आणि पायवाटांच्या गल्ल्या झाल्या. म्हणून तिथले प्रत्येक वळण एखाद्या जुन्या हद्दीची, विहिरीची किंवा देवळाची खूण असते. नावेही टिकली. खोताची वाडी आज दाट वस्तीची आहे, तरी ती 'वाडी'च म्हणवते.

१८०३ साली कोटातील मोठ्या आगीनंतर लोकसंख्येचा लोंढा कोटाबाहेर वळला आणि या भागांवरचा ताण वाढत गेला. पुढे कापसाची तेजी आली, गिरण्या आल्या. गल्ल्या तेवढ्याच राहिल्या. त्यांच्या दुतर्फा घरे मात्र उंच होत गेली. दोन घरांमधली जागा इतकी अरुंद झाली की तिचा उपयोग फक्त मैला वाहून नेण्यासाठी उरला. चाळींच्या आतल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे. ही स्थिती प्लेगच्या आधीपासूनची होती, आणि तिचा दोष गल्लीच्या वळणापेक्षा एकेका खोलीतून मिळणाऱ्या भाड्याकडे अधिक जातो.

त्या काळातील आरोग्याधिकाऱ्यांचे लक्ष मात्र हवेकडे होते. रोग घाणीतून, दूषित हवेतून आणि विशिष्ट जागेतून उद्भवतो, ही धारणा अजून घट्ट होती. यर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे ठाऊक नव्हते. मग उपाय एकच दिसला : जिथे हवा खेळत नाही तिथे ती खेळवायची. त्यासाठी दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते कापायचे.

या विचाराला नमुनेही तयार होते. पॅरिसमध्ये हाउसमान याने १८५३ ते १८७० या काळात जुन्या वस्त्या कापून लांबरुंद राजमार्ग काढले होते. ग्लासगोमध्ये १८६६पासून सुधारणा मंडळ काम करत होते. त्याच धर्तीवर १८९८मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' अस्तित्वात आला. जमिनी सक्तीने ताब्यात घेण्याचे, वस्त्या पाडण्याचे आणि नवे भूखंड भाडेपट्ट्याने देण्याचे अधिकार त्याला मिळाले.

ट्रस्टचे दोन रस्ते आजही मुंबईकरांच्या पायाखाली आहेत. एक प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग. दुसरा सँडहर्स्ट रोड. दोन्हींची दिशा पाहण्यासारखी आहे. दोन्ही पश्चिमेच्या समुद्राकडून पूर्वेकडे, दाट वस्तीच्या पोटात शिरतात. समुद्राचा वारा शहराच्या फुप्फुसांत भरणारी श्वासनलिका, अशी त्यांची कल्पना होती. नागपाड्यासारख्या वस्त्या पाडून तिथे काटकोनात रस्ते आखले गेले. उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर नवे उपनगर कागदावर उतरले.

इथे काळाने क्रूर थट्टा केली. ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, १८९८मध्ये, कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखवले. त्याचे म्हणणे मान्य व्हायला बरीच वर्षे गेली. १९०५पासून परळला प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. मांडवीत साथ का पेटली, याचे उत्तरही मग मिळाले. बंदर आणि धान्याची कोठारे तिथे होती, म्हणून उंदीर तिथे होते. पिसवेला रस्ता सरळ की वाकडा याच्याशी कर्तव्य नव्हते.

म्हणजे ट्रस्टचे सारे काम वायाच गेले? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत क्षयरोग पोसला जात होता. मातीच्या जमिनीत व भिंतींत उंदीर बिळे करत होते. पक्की बांधणी आणि उजेड यांचा फायदा झालाच असता. प्रश्न हा की तो कोणाच्या वाट्याला आला.

वस्ती पाडली की तिथला हमाल, गिरणी कामगार, भंगी, हातगाडीवाला जाणार कुठे? काम जिथे, तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच त्याला राहणे भाग होते. तो शेजारच्या गल्लीत शिरला. तिथली गर्दी वाढली, भाडे वाढले. नव्या रस्त्याच्या दर्शनी भूखंडांची किंमत मोठी होती. त्यावर दुकाने आणि सुखवस्तूंच्या इमारती उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टचे पाडकाम बांधकामाच्या कितीतरी पुढे धावत होते. इतिहासकार प्रशांत किदंबी यांनी या विसंगतीची सविस्तर मांडणी केली आहे.

ट्रस्टलाही हे कळले. पुढे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी सरसकट पाडापाडीऐवजी दुसरी वाट धरली. मोकळ्या जमिनीवर आधी घरे वाढवावीत आणि जुन्या वस्तीत मोजकी ठिगळे लावावीत, असे त्यांचे धोरण. प्रकाशासाठी त्यांनी एक नियम लावून धरला : साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकीच्या पायथ्यापासून या कोनात रेषा काढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. मुंबईच्या बांधकाम नियमांच्या इतिहासात या रुक्ष आकड्याने अनेक राजमार्गांहून अधिक उजेड पाडला, असे म्हणता येईल.

ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या बीआयटी चाळी हाही या कहाणीचा भाग. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. ही नोंद लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

आता थोडे मागे. चौकटीची आखणी इंग्रजांनी आणली नाही, हे इतिहासाच्या वाचकाला सांगायला नको. मोहेंजोदडोचे मुख्य मार्ग चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सरळ आखलेले होते. (त्यांच्या आतल्या गल्ल्या मात्र चांगल्याच वळणाच्या आहेत, पाठ्यपुस्तकातील नकाशात हे सहसा दिसत नाही.) सवाई जयसिंहाने १७२७मध्ये जयपूर वसवले तेव्हा नऊ चौकटींची योजना होती. वायव्येला डोंगर आडवा आला, तेव्हा चौकट हलवली, डोंगर नाही. जयपुरातही रुंद राजमार्गांच्या आतले चौकडीचे पोट लोकांनी आपापल्या सोयीने भरले.

न्यूयॉर्कमध्ये १८११च्या आराखड्याने मॅनहॅटनच्या टेकड्या-ओढ्यांवर चौकटींची जाळी पसरली. तिथला हेतू उघड होता : समान, काटकोनी भूखंड मोजायला, विकायला आणि त्यांवर घर बांधायला सोपे. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपूरची काटकोनी आखणीही बाजारपेठेच्या गरजेतूनच आली. रिकाम्या जमिनीवर, व्यापारासाठी नवे गाव वसवताना चौकट उत्तम काम करते. भांडण सुरू होते ते भरल्या गावावर चौकट ठेवताना.

हे भांडण भारतात ज्याने सर्वांत जिद्दीने मांडले तो माणूस अभियंता नव्हता. पॅट्रिक गेडिस, जन्म १८५४, स्कॉटलंड. ते जीवशास्त्रज्ञ होते, थॉमस हक्सले यांचे विद्यार्थी. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकावरचे काम जवळजवळ संपले. मग त्यांनी शहराकडे सजीव म्हणून पाहायला सुरुवात केली. १८८०च्या दशकात एडिंबराच्या जुन्या, बकाल वस्तीत ते पत्नी ॲना यांच्यासह राहायला गेले. शेजाऱ्यांना जमवून भिंतींना चुना लावला, परसात झाडे लावली, मोडकळीला आलेले भाग काढून अंगणे मोकळी केली. शहर पाडण्याआधी त्यात राहावे, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १८१४च्या शतकभरानंतर, म्हणजे १९१४ साली भारतात आले. नगररचनेवरचे त्यांचे भले मोठे प्रदर्शन मागून दुसऱ्या जहाजाने येत होते. 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडवले. अनेक वर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रतळाशी गेली. विलायतेतील मित्रांनी घाईने नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि जानेवारी १९१५मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडलेच.

त्यानंतर गेडिस गावोगाव फिरले. ठाणे, बडोदे, लखनौ, नागपूर, जबलपूर, लाहोर, बलरामपूर, इंदूर. पण त्यांच्या विचाराचा गाभा समजायचा तर तंजावरला जायला हवे. १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांची राजधानी असलेले तेच तंजावर.

तिथल्या किल्ल्यातील दाट वस्ती 'सुधारण्या'साठी नगरपालिकेच्या अभियंत्याने सरळ रस्त्यांची योजना केली होती. नकाशावर ती देखणी दिसे. गेडिस यांनी तो नकाशा घेऊन गल्ल्या पायी तुडवल्या आणि हिशेब मांडला. योजनेच्या केवळ पहिल्या टप्प्यालाच ३०,००० रुपये लागणार होते, आणि त्यात बेघर होणाऱ्यांना पुन्हा वसवण्याचा खर्च धरलाच नव्हता. गेडिस यांच्या पर्यायाचा अंदाज होता ५,००० रुपये.

एवढा फरक कसा? त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अभियंता नकाशावर आधी रेघ मारतो आणि मग रेघेखाली आलेली घरे मोजतो. गेडिस आधी गल्लीत हिंडत. कोणते घर पडके आहे, कोणता भूखंड ओसाड पडून उकिरडा झाला आहे, विहीर कुठे, पिंपळाचा पार कुठे, छोटे देऊळ कुठे, गल्ली नेमकी कुठे तुंबते, हे सारे ते टिपून घेत. मग जी घरे नाहीतरी कोसळणारच होती, तेवढीच काढायची. त्यांच्या जागी चौक मोकळा करायचा. तुंबलेल्या जागी एखादा ओटा किंवा कोपरा कापायचा. ओसाड भूखंडावर झाड लावायचे. चांगले घर वाचते, भरपाईचा पैसा वाचतो, माणसे जागेवर राहतात. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली : शक्य तितके शरीर राखून, रोगट भाग तेवढाच काढणारी शस्त्रक्रिया.

रुंद रस्त्याला त्यांचा सरसकट विरोध होता असे मात्र नाही. वाहतुकीचा हमरस्ता रुंद हवाच, हे त्यांना मान्य होते. घरासमोरच्या गल्लीला गाड्यांच्या मापाने रुंद करणे त्यांना मूर्खपणाचे वाटे. उन्हाच्या देशात अरुंद गल्ली सावली देते. तीत धूळ कमी, गोंगाट कमी, मुले दाराशी खेळू शकतात. तिच्या जागी चाळीस फुटांचा रस्ता केला तर तापलेला फुफाटा मिळतो, आणि त्या चाळीस फुटांवर राहणारी माणसे शेजारच्या गल्लीत कोंबली जातात. मुंबईत नेमके तेच घडले होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी भीषण ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा ॲलस्टेअर फ्रान्समधील युद्धात मारला गेला. तेव्हा ॲना मरणपंथाला लागल्या होत्या. गेडिस यांनी ही बातमी त्यांना कळूच दिली नाही, आणि जूनमध्ये त्या गेल्या. याच वर्षाच्या आगेमागे त्यांनी भारतातील कामाचे बरेचसे अहवाल लिहिले.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेग पुन्हा आडवा आला. गेडिस गल्ल्यांतून फिरताना लोक त्यांच्याकडे भीतीने पाहत. हा साहेब नकाशा घेऊन आला म्हणजे घर पाडणार, असा साधा हिशेब होता. पुढची हकिकत गेडिस स्वतः रंगवून सांगत आणि त्यांच्या चरित्रकारांनी ती नोंदवली आहे. त्यांनी महाराजांकडे एका दिवसापुरती सत्ता मागितली. दिवाळी जवळ आली होती. शहरात दवंडी पिटली की यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातील लोक घरे आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून जाईल.

मग काय, आळीआळीत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला, घरांना चुना लागला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा होता. दोन्ही शेवटी जाळले गेले. मागून नगरदेवता आली, हातात नव्या शहराचा नकाशा घेऊन. सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, फुलांनी सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालले. त्यानंतर प्लेग ओसरला, असे हकिकत सांगते.

इथे थोडी सावधगिरी हवी. प्लेगच्या साथी ऋतूनुसार चढत-उतरत असत, त्यामुळे मिरवणुकीने प्लेग पळाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण गाडाभर कचऱ्याबरोबर उंदरांचे अन्न आणि बिळेही गेली, हेही खरे. प्रिन्सेस स्ट्रीटने पिसवेचे काही बिघडवले नव्हते. चुन्याच्या बादलीने कदाचित थोडेफार बिघडवले असेल.

इतके वाचून गेडिस नायक आणि अभियंते खलनायक असे वाटू लागते. तिथेच थांबायला हवे. जुनी गल्ली 'आपोआप' वाढली, हे वर्णन अर्धेच खरे आहे. कोणाचे घर कोणत्या आळीत, कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचे, महारवाडा गावाच्या कोणत्या बाजूला, हे आपोआप ठरत नव्हते. जात ते ठरवत होती. गल्लीचे वळण जपताना तिच्या आतली उतरंडही जपली जाते, हा आक्षेप गेडिस यांच्या पद्धतीवर घ्यावाच लागतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला शहरात भाड्याची खोली मिळणे किती कठीण होते, हे लक्षात घेतले की परळच्या त्या चाळीतील आंबेडकरांच्या बिऱ्हाडाचा अर्थ वेगळा दिसतो. जिथे जुनी आळी नव्हती, तिथे निदान जुने दार बंद नव्हते.

अर्थात आखीव उपनगरांनी जात-धर्म पुसले असेही झाले नाही. ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत पारशी कॉलनी झाली, हिंदू कॉलनी झाली, माटुंग्याला दाक्षिणात्यांची वस्ती झाली. रस्ते नवे, झाडे रांगेत, बागा नेटक्या. शेजार मात्र निवडून घेतलेला. काटकोनी भूखंडात जुनी आळी नव्या पत्त्यावर राहायला आली.

गेडिस यांच्या बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. त्यांचे अहवाल पाल्हाळिक होते आणि नगरपालिकांना हिशेबात बसणारी सरळ रेघ हवी होती. रेघेचे अंदाजपत्रक करता येते, कंत्राट देता येते, उद्घाटन करता येते. गल्लीतला एक पडका भाग काढून चौक मोकळा करण्याचे उद्घाटन कोण करणार? शिवाय त्या पद्धतीला प्रत्येक गल्लीत हिंडणारा, लोकांशी बोलणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस कोणत्याच खात्याच्या आस्थापनेवर नव्हता.

१९१९मध्ये मुंबई विद्यापीठाने गेडिस यांना समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक नेमले. ज्या शहराने सरळ रेघेवर इतका पैसा ओतला होता, त्याच शहरात ते १९२४पर्यंत शिकवत होते. त्यांनी निवडलेले विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून परतून त्या विभागाचे प्रमुख झाले आणि भारतातील जातिव्यवस्थेच्या अभ्यासात त्यांनी मोठे नाव मिळवले. गुरूचे लक्ष गल्लीच्या आकारावर होते. शिष्याने गल्लीत राहणाऱ्या समाजाची वीण उलगडली.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १९३३मध्ये मुंबई महापालिकेत विलीन झाला. प्रिन्सेस स्ट्रीटवर आज समुद्राच्या वाऱ्यापेक्षा गाड्यांचा धूर अधिक भरतो. तिथून आत भुलेश्वरकडे वळले की काही पावलांत रस्ता अरुंद होतो आणि जुनी वळणे पुन्हा सुरू होतात.